सामना जामठ्यात, धाडी शहरभर: एचआयव्ही प्रतिबंधासाठी आमचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
मा. पोलीस आयुक्त, नागपूर शहर
मा. आयुक्त तथा प्रशासक, नागपूर महानगरपालिका
मा. अध्यक्ष, विदर्भ क्रिकेट असोसिएशन
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई

विषय: जामठा येथील २१ जानेवारी २०२६ च्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या नियोजनात एचआयव्ही प्रतिबंधाचा समावेश करण्याबाबत.

महोदय,

येत्या २१ जानेवारीला जामठ्याच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्या पाच टी-ट्वेंटी सामन्यांतला पहिला सामना आहे. लगेच फेब्रुवारीत टी-ट्वेंटीचा विश्वचषक सुरू होतो. त्यातला एकही सामना नागपूरच्या वाट्याला आला नाही, याचे दुःख शहराला आहेच. ते या पत्राचा विषय नाही. विषय असा की सामना ठरला की शहरात बैठका सुरू होतात. वर्धा रोडची वाहतूक, पार्किंग, रुग्णवाहिका, अग्निशमनाचे बंब, रात्री उशिरापर्यंतची मेट्रो, पाण्याची सोय असे सगळे कागदावर येते. एचआयव्ही प्रतिबंधाचा त्या कागदावर एक ओळसुद्धा नसते. आणि तरीही सामन्याचा सर्वांत मोठा धक्का ज्या कामांना बसतो, त्यात आमचे काम आहे.

आम्ही म्हणजे नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्पांत काम करणारे क्षेत्रीय कार्यकर्ते, पीअर (म्हणजे वस्तीतल्याच समाजगटांतून आलेले कार्यकर्ते) आणि समुपदेशक. शासनाच्या भाषेत 'टीआय'चे कर्मचारी, वस्तीत 'निरोधवाले'. देहविक्री करणाऱ्या महिला, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यापर्यंत निरोध, तपासणी आणि औषधोपचाराची वाट पोहोचवणे हे आमचे रोजचे काम. आमच्यातले बरेच जण याच समाजगटांतून आलेले आहेत आणि काही जण स्वतः एचआयव्हीसह जगत आहेत. देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांची सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे, जवळपास चार लाख. तेव्हा ही चिंता परक्या मुलखातून आणलेली नाही.

मागण्यांकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करणे भाग आहे. मोठा सामना आला की बाहेरून बायका आणल्या जातील, परदेशी पाहुणे रोग घेऊन येतील, अशी भीती दरवेळी कोणीतरी घालतो आणि त्या भीतीवर धाडींचे नियोजन उभे राहते. जगाचा अनुभव याच्या उलट आहे. २००६ मध्ये जर्मनीतल्या फुटबॉल विश्वचषकाआधी ४०,००० स्त्रियांना देहव्यापारासाठी आणले जाणार, असा आकडा पसरला होता. चार वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाआधी तोच आकडा पुन्हा बाहेर निघाला. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी स्पर्धेच्या आधी, दरम्यान आणि नंतर पाहणी केली, तेव्हा असा कोणताही लोंढा आढळला नाही. जामठ्यात तर एका रात्रीचा सामना आहे. पंचेचाळीस हजार क्षमतेच्या त्या मैदानात येणारी गर्दी बहुतेक नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अमरावती, भंडारा इथली, आपलीच माणसे. सामना संपला की ती घराकडे निघते.

मग धोका कुठे आहे? आमच्या मते तो शहर 'साफ' करण्याच्या घाईत आहे.

हे कसे घडते, ते जवळून पाहावे. आमची एक पीअर साधारण चाळीस-पन्नास महिलांना नावाने ओळखते. कोणाला आठवड्याला किती निरोध लागतात, कोणाची सहा महिन्यांची तपासणी राहिली आहे, कोणाची एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, गोळी सुरू आहे, कोणाचा नवरा आत्ता घरी आहे म्हणून आज फोन करायचा नाही, हे सगळे तिच्या डोक्यात असते. रजिस्टरमध्ये त्यातले निम्मेही नसते. सामन्याच्या आधीच्या आठवड्यात स्टेशनसमोर, गणेशपेठ बसस्थानकाजवळ, सीताबर्डीच्या लॉजमध्ये धाडी पडतात. बायका पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पर्समधले निरोध फेकून देणे, कारण झडतीत ते सापडले की तोच पुरावा ठरेल अशी त्यांना भीती असते. मग त्या जागा बदलतात. कोणी कामठीला जाते, कोणी बुटीबोरीला, कोणी थेट रायपूरची गाडी धरते. नव्या जागी ओळख नाही, पीअर नाही, गिऱ्हाईक नवे, आणि निरोधासाठी हुज्जत घालायची तर जागा जाण्याची धास्ती. फोन नंबर बदललेला असतो. पीअरला तिचा माग पुन्हा लागेपर्यंत महिना उलटतो. ज्या बाईला पोलीस घेऊन जातात, तिची गोळ्यांची बाटली खोलीत राहते आणि ती ठाण्यात. एआरटीची गोळी रोज एक, न चुकता घ्यायची असते, हे आम्ही तिला वर्षभर समजावलेले असते.

हे सगळे घडते ते सामना 'सुरक्षित' व्हावा म्हणून.

ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी नाकेबंदी करून गंगाजमुना ही देहव्यापाराची वस्ती बंद केली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर झाले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. त्या वादात आम्हाला इथे पुन्हा शिरायचे नाही. पण वस्ती पांगली की रोग पांगतो, धंदा मात्र थांबत नाही, तो फोनवर जातो, ही गोष्ट नागपूरने पाहिली आहे. ज्या जागेचा पत्ता ठाऊक आहे तिथे दवाखान्याची गाडी नेता येते. ज्या जागेचा पत्ता रोज मोबाइलवर ठरतो, तिथे ती कशी न्यायची?

कायदा आमच्या बाजूने आहे, हे मुद्दाम नमूद करतो, कारण बैठकीत आम्हाला नेहमी उलटे ऐकवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात दिलेल्या निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे की देहविक्री करणाऱ्या महिलांच्या आरोग्यासाठीची साधने, म्हणजे निरोध, गुन्ह्याचा पुरावा समजू नयेत. पोलिसांनी त्यांच्याशी सन्मानाने वागावे. धाडीच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होऊ नये. त्याआधी एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार एचआयव्हीचा धोका कमी करण्यासाठी केलेले कोणतेही काम, त्यात निरोध देणे आणि घेणे दोन्ही आले, गुन्हा ठरत नाही आणि ते अडवताही येत नाही. कायद्याने खुद्द उदाहरण दिले आहे ते देहविक्री करणाऱ्या व्यक्तीला आणि तिच्या गिऱ्हाइकाला निरोध पुरवणाऱ्याचे. म्हणजे आमचेच. इतके थेट वर्णन कायद्यात क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. तरीही एका ठाण्यात आमच्या कार्यकर्त्याची बॅग उलटी करून निरोधाची पाकिटे टेबलावर मोजली गेली आणि 'इतके कशाला लागतात' असे विचारले गेले. उत्तर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेले होते.

या पार्श्वभूमीवर आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी पोलीस आयुक्तांकडे. सामन्याच्या पंधरा दिवस आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत लागू राहील असा लेखी आदेश सर्व ठाण्यांना जावा. त्यात निरोध जवळ असणे हा पुरावा नाही हे असावे. ओळखपत्र असलेल्या पीअर आणि कार्यकर्त्याला रात्रीसुद्धा अडवू नये. 'सामन्यासाठी शहर साफ' या कारणाखाली सरसकट धाडी होऊ नयेत. ताब्यात घेतलेल्या व्यक्तीला तिची चालू औषधे मिळावीत, मग ती एआरटीची असोत, टीबीची असोत की मधुमेहाची. कोणाचीही एचआयव्ही तपासणी तिच्या लेखी संमतीशिवाय आणि समुपदेशनाशिवाय होऊ नये. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगतो. अल्पवयीन मुलगी आढळली, कोणाला जबरदस्तीने आणले आहे असे दिसले, तर कारवाई व्हायलाच हवी, आणि त्याची खबर सर्वांत आधी आमच्याकडूनच येईल. वस्तीत नवी मुलगी आली की पहिल्यांदा पीअरलाच कळते. तिला पोलिसांची भीती वाटू लागली तर ती खबर बंद होते. याचा विचार पोलिसांनी स्वतःच्या कामाच्या दृष्टीनेही करावा.

दुसरी मागणी छोटी आहे. सामन्याआधीच्या समन्वय बैठकीत जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाला, म्हणजे डापकूला, आणि समाजगटांच्या एका प्रतिनिधीला एक खुर्ची मिळावी. खुर्ची मिळाली तर बाकीच्या अर्ध्या मागण्या तिथेच सुटतील.

तिसरी मागणी वर्धा रोडची. हिच्याकडे आतापर्यंत फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नागपूर हे देशाच्या मधोमध आहे, हे आपण झिरो माइलच्या दगडापाशी उभे राहून अभिमानाने सांगतो. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून जातो, पूर्व-पश्चिम जाणारा ५३ इथून जातो. जामठ्याचे मैदान नेमके ४४ वर आहे. सामन्याच्या दिवशी जड वाहने थांबवली किंवा वळवली जातात, आणि मैदानाच्या दोन्ही बाजूंना, शहराबाहेरच्या ढाब्यांवर, ट्रक तासन्‌तास उभे राहतात. एरवी ट्रकवाला आमच्यासाठी दहा मिनिटेही थांबत नाही. हैदराबादचा माल, वेळ ठरलेली, मालकाचा फोन चालू. सामन्याच्या दिवशी मात्र तो खाटेवर आडवा होऊन मोबाइलवर स्कोअर बघत असतो, आणि कंटाळलेला असतो. कंटाळलेला ट्रकचालक म्हणजे तपासणीची सर्वांत मोठी संधी. त्या रात्री तोच कंटाळा त्याला दुसरीकडेही नेतो, हेही तितकेच खरे. तेव्हा मागणी अशी की दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत बुटीबोरीकडच्या बाजूला एक आणि शहराच्या बाजूला एक अशी दोन फिरती तपासणी वाहने उभी करावीत. प्रत्येकात प्रयोगशाळा तंत्रज्ञ, समुपदेशक आणि गुप्तरोगाची औषधे असावीत. बोटाला टोचून होणाऱ्या तपासणीचा निकाल अर्ध्या तासात हाती येतो; सामन्याचा एक डाव त्यापेक्षा बराच लांबतो. ज्याची तपासणी 'रिॲक्टिव्ह' येईल त्याला त्याच्या गावाजवळच्या आयसीटीसीचा, म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्राचा, पत्ता आणि पुढचा संपर्क तिथेच द्यावा, कारण तो उद्या तेलंगणात असेल आणि आपला कागद घेऊन पुन्हा नागपूरला येणार नाही. वाहतूक पोलिसांनी जड वाहने थांबवण्याची अधिसूचना काढताना ती डापकूलाही दोन दिवस आधी द्यावी, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा.

चौथी मागणी कामगारांची. सामना खेळाडू खेळतात, पण तो उभा करतात मांडववाले, खानपानवाले, सफाईवाले आणि कंत्राटी सुरक्षारक्षक. यातले बरेच जण गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडून आलेले, आठ-दहा दिवस एका खोलीत वीस जण झोपणारे, हातात एकदम रोख पैसे आलेले तरुण असतात. कंत्राटाच्या अटींतच लिहावे की कामाच्या पहिल्या दिवशी अर्ध्या तासाचे सत्र होईल आणि राहण्याच्या जागी निरोधाची पेटी असेल. आणि कोणत्याही कंत्राटदाराने कामावर घेताना एचआयव्ही तपासणीचा कागद मागू नये. तो मागणे कायद्याने बंद आहे, हे अनेकांना ठाऊकच नाही.

पाचवी मागणी हॉटेल आणि लॉजची. मेहाडिया चौकापासून वर्धा रोडपर्यंत सामन्याच्या काळात खोल्या भरतात. प्रत्येक मजल्यावर किंवा न्हाणीघरात निरोध ठेवावेत. गिऱ्हाइकाला स्वागतकक्षात येऊन मागायला लावू नये, कारण तो मागत नाही. जगात याला कोणी लाजत नाही. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकपासून खेळाडूंच्या वसाहतीत कंडोम वाटले जातात. २०१६ मध्ये रिओत साडेचार लाख वाटले गेले. आणि एक अगदी व्यवहारातली गोष्ट: पेट्या पत्र्याच्या नसाव्यात, उन्हात नसाव्यात. जानेवारी निभावून जाईल, पण पेट्या तशाच राहिल्या तर नागपूरच्या मे महिन्यात रबर निकामी होते, आणि फुटलेला निरोध हा न दिलेल्या निरोधाइतकाच वाईट.

सहावी मागणी पडद्याची, आणि ती आम्ही खास विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडे करतो. क्रिकेट आणि एचआयव्ही यांचे नाते नवे नाही. २०११ च्या विश्वचषकात आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स आणि युनिसेफ या संस्थांसोबत 'थिंक वाइज' ही मोहीम चालवली. वीरेंद्र सेहवाग, कुमार संगकारा आणि दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार ग्रॅमी स्मिथ हे तिचे चेहरे होते. १२ मार्च २०११ रोजी याच जामठ्यावर भारत आणि दक्षिण आफ्रिका भिडले, तेव्हा त्यातले दोघे समोरासमोर होते. नागपूरकरांना त्या दिवसाचे काय आठवते? सचिनचे ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक, आणि एक बाद २६७ वरून २९६ मध्ये गारद झालेला डाव. मोहीम कोणाला आठवत नाही. त्याला कारण आहे. संदेश खेळाडूच्या तोंडी होता, पण तो ऐकून कुठे जायचे हे सांगणारे टेबल मैदानाच्या दाराशी नव्हते. आमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तरी तसे टेबल आठवत नाही.

म्हणून मागणी दुहेरी आहे. दोन डावांच्या मध्ये मोठ्या पडद्यावर तीस सेकंदांचा संदेश असावा, मराठीत आणि हिंदीत, शक्यतो विदर्भाच्या एखाद्या रणजी खेळाडूच्या तोंडी. त्यात कवटी, लाल रंगाचा राक्षस, 'एड्स म्हणजे मृत्यू' असले काही नको. त्या चित्रांनी तीस वर्षांत माणसे तपासणीपासून दूरच पळाली. सांगायचे ते एवढेच: तपासणी मोफत आहे, निकाल गुप्त राहतो, नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, आणि १०९७ हा फोन मोफत आहे. तोच क्रमांक तिकिटावर आणि ऑनलाइन पासवर छापावा. आणि प्रत्येक मुख्य प्रवेशद्वाराबाहेर एक टेबल. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा याच महापालिकेची आरोग्य केंद्रे रात्रंदिवस उभी असतात आणि कोणालाही ती विचित्र वाटत नाहीत. जामठ्याच्या दारातच का वाटावीत?

सातवी मागणी रात्रीची आहे. लैंगिक अत्याचार झाला, संबंध येताना निरोध फाटला किंवा रुग्णालयात सुई टोचली, तर लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितके चांगले. सामन्याच्या रात्री मेडिकल आणि मेयो या दोन्ही रुग्णालयांच्या अपघात विभागात ही औषधे आणि ती देऊ शकणारा डॉक्टर हजर असावा. 'सकाळी ओपीडीत या' हे उत्तर त्या रात्री चालणार नाही. सोबत, ज्यांना धोका सतत आहे त्यांच्यासाठी आधीच घ्यायची प्रतिबंधक गोळी, प्रेप, ही आज खाजगी दुकानात विकत मिळते. ज्यांना ती सर्वांत जास्त हवी त्यांना परवडत नाही. ती मोफत देण्याचा प्रयोग राज्य संस्थेने नागपुरातून सुरू करावा. ही मागणी एका सामन्यात सुटणारी नाही, हे आम्हाला समजते.

आठवी, आमच्या स्वतःबद्दलची, संकोचानेच. सामन्याच्या आठवड्यात पीअर रात्री दोनपर्यंत रस्त्यावर असेल. तिचे मानधन इतके तुटपुंजे की रिक्षाचे पैसेही त्यातूनच जातात, आणि तेही दर महिन्याला वेळेवर येतेच असे नाही. त्या आठवड्याचा प्रवासभत्ता आणि रात्रीच्या कामाचा मोबदला वेगळा मिळावा. ओळखपत्र डापकूच्या सहीशिक्क्याचे असावे, कारण संस्थेच्या ओळखपत्राला रात्री कोणी विचारत नाही.

खर्चाचा प्रश्न येईल. निरोध, तपासणी संच आणि औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातूनच येतात. नवा खर्च उरतो तो दोन वाहनांचे डिझेल, छपाई, टेबल-खुर्च्या आणि वर लिहिलेला मोबदला यांचा. सामन्याच्या एका स्वागतकक्षाच्या खर्चापुढे तो नगण्य आहे. तो आयोजक आणि प्रायोजक यांनी उचलावा, आणि संदेशाच्या खाली प्रायोजकाचे नाव द्यायला आमची हरकत नाही.

८ डिसेंबरपासून हिवाळी अधिवेशन आहे आणि पोलिसांवर त्याचा ताण असतो, याची आम्हाला जाणीव आहे. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा आम्हालाही काढता येतो. त्या रस्त्यावर आम्ही आधीही चाललो आहोत. यंदा आधी कागद घेऊन आलो आहोत. अधिवेशन संपल्यावर, पण कोणत्याही परिस्थितीत २२ डिसेंबरपूर्वी, आम्हाला एकत्र बैठकीसाठी बोलवावे. बैठकीला येताना आम्ही रात्रपाळीच्या कार्यकर्त्यांची यादी, ट्रक थांबणाऱ्या ढाब्यांचा नकाशा आणि निरोधाच्या मागणीचा अंदाज घेऊन येऊ. वस्त्यांतल्या व्यक्तींची नावे, पत्ते, फोन नंबर मात्र कोणत्याही कार्यालयाला देणार नाही. ते गुप्त ठेवणे हे आमच्यावर कायद्याने बंधन आहे. सामन्यानंतर महिनाभरात किती तपासण्या झाल्या, किती जण उपचाराला जोडले गेले, कुठे अडथळा आला, याचा अहवाल आम्ही सर्व संबंधितांना सादर करू.

नागपूर, जागतिक एड्स दिन, १ डिसेंबर २०२५

आपले,
नागपूर जिल्ह्यातील लक्ष्यगट प्रकल्पांतील कार्यकर्ते, पीअर व समुपदेशक यांच्या संघटनेच्या वतीने,
अध्यक्ष आणि सचिव

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी:
मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, नागपूर
मा. अधिष्ठाता, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर
मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), नागपूर शहर
जिल्हा कार्यक्रम अधिकारी, डापकू, नागपूर